कुंभारणीचे बंद घर

वर्गाच्या खिडकीच्या चौकटीत, फळ्यामागे, दिव्याच्या पट्टीवर किंवा कपाटामागच्या भिंतीवर मातीचा एक लहानसा गोळा चिकटलेला आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. कधी तो लहान गाडग्यासारखा गोल असतो, तर कधी चिखलाचे बोट फासल्यासारखा ओबडधोबड. हे घर बांधणारीला आपल्याकडे कुंभारीण म्हणतात, कुणी कुंभारमाशी म्हणतात. ती गांधीलमाश्यांच्या मोठ्या गोतावळ्यातली. गांधीलमाशी म्हटले की आपल्याला नांगी आठवते, आणि नांगी आठवली की झाडू. त्यामुळे बहुतेक गोळ्यांचा शेवट वार्षिक साफसफाईत होतो.

या गोळ्याला मोठा इतिहास आहे. आत काय चालते याचा विचार माणसे निदान दोन हजार वर्षे करीत आली आहेत. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी एकच दृश्य पाहिले, नीट पाहिले, आणि तरीही बराच काळ त्याचा अर्थ चुकीचा लावला. मग कुणी तरी ते घर उघडून पाहिले. निरीक्षण म्हणजे काय, अनुमान म्हणजे काय आणि या दोहोंत अंतर किती, हे विद्यार्थ्यांना सांगायला यापेक्षा जवळचे उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

अळी आत, माशी बाहेर

आपल्याकडे ‘कीटक-भृंगी न्याय’ प्रसिद्ध आहे. भृंगी एक कीटक पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि भोवती गुणगुणत राहते. कोंडलेला कीटक भीतीने तिचेच अखंड चिंतन करतो आणि शेवटी तिचेच रूप घेऊन बाहेर पडतो, असा हा दृष्टान्त आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत ही माशी शेवटी येते. याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली आणि 1573 मध्ये ती काशीत पूर्ण केली. ज्याचे ध्यान करावे त्याच्यासारखे आपण होतो, हे सांगण्यासाठी कीर्तनकारांनी हा दृष्टान्त गावोगाव नेला.

दृष्टान्ताचे आध्यात्मिक मोल कीटकशास्त्रावर अवलंबून नाही. त्या वादात आपण शिरायला नको. आपल्याला त्यामागचे निरीक्षण महत्त्वाचे आहे. माशी हिरवी अळी उचलून आणते, हे खरे. ती अळीला मातीच्या घरात बंद करते, हेही खरे. काम करताना ती गुणगुणते, हे तर अगदी बारकाईने पाहिलेले आहे: चिखल थापताना काही जातींच्या कुंभारणी अंग थरथरवतात आणि त्याचा आवाज चार पावलांवरून ऐकू येतो. काही आठवड्यांनी त्याच घराला भोक पाडून माशी बाहेर पडते, हेही खरे. चारही गोष्टी बरोबर आहेत. चूक झाली ती त्यांना जोडणाऱ्या दुव्यात. बंद दाराआड काय घडले ते कुणी पाहिले नव्हते. ती रिकामी जागा कल्पनेने भरून काढली गेली.

तीच कथा चीनमध्ये

ही कल्पना फक्त आपलीच नव्हती. चीनच्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात बारीक कमरेची माशी अळीची पिल्ले घेऊन जाते असा उल्लेख आहे. त्यावरून समजूत रूढ झाली की या माशीला स्वतःची संतती होत नाही, म्हणून ती अळी दत्तक घेते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या यांग श्युंग या विद्वानाने तर लिहिले की माशी अळीपाशी ‘माझ्यासारखी हो’ असे घोकत राहते आणि अळी तशी होते. चिनी भाषेत दत्तक मुलाला त्या अळीचेच नाव पडले, आणि ते आजही वापरात आहे. गुणगुणण्याचा अर्थ आपल्याकडे भीती आणि ध्यान असा लागला, तिकडे माया आणि शिकवण असा. दृश्य एकच, पण प्रत्येकाने त्यात आपल्या मनातले वाचले.

हे कोडे प्रथम सोडवणाऱ्यांत ताओ हुंगचिंग या चिनी वैद्याचे नाव घ्यावे लागते. त्याचा काळ इ. स. 456 ते 536. औषधी द्रव्यांच्या एका जुन्या ग्रंथावर टीका लिहिताना तो या माशीपाशी आला. माशी मातीचे नळीसारखे घर करते, आत बारीक धान्याच्या दाण्याएवढे अंडे घालते, मग गवतातले दहाएक कोळी आणून ते घर भरते आणि तोंड लिंपून टाकते, असे त्याने नोंदवले. कोळी कशासाठी? पिल्लांना मोठे होताना खायला. काही माश्या कोळ्यांऐवजी हिरव्या अळ्या आणतात, हेही त्याने लिहिले; आणि दत्तकाची समजूत चुकीची आहे, असे स्पष्ट म्हटले. पूज्य मानलेल्या ग्रंथाचा रूढ अर्थ पंधराशे वर्षांपूर्वी एका वैद्याने मातीच्या गोळ्याच्या साक्षीने बाजूला सारला.

युरोपातही हा घोळ होता. सतराव्या शतकात हॉलंडमधला चित्रकार योहानेस खुडार्ट सुरवंट पाळून त्यांची चित्रे काढीत असे. एकाच प्रकारच्या सुरवंटांपैकी काहींतून फुलपाखरू बाहेर पडे, तर काहींतून बारीक माश्यांचा थवा. एकाच प्राण्यापासून दोन तऱ्हेची संतती कशी होते, हे त्याला उमगेना. सुरवंटाच्या अंगात दुसऱ्याच कीटकाने अंडी घातलेली असतात, हे समजायला अठराव्या शतकाचा आरंभ उजाडला.

एका शाळामास्तराची गोष्ट

यापुढची गोष्ट शिक्षकांनी आवर्जून वाचावी अशी आहे, कारण तिचा नायक मास्तर आहे. झां आंरी फाब्र याचा जन्म 1823 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एका गरीब कुटुंबात झाला. 1842 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो कार्पांत्रा गावी प्राथमिक शिक्षक झाला. तो मुलांना जमीन मोजणी शिकवायला माळावर नेत असे. तिथे मुले खुणेच्या काठ्या सोडून दगडांपाशी थांबत आणि गवताच्या काडीने काहीतरी चोखत. चौकशी केल्यावर कळले की दगडांवर मातीची घरे बांधणाऱ्या एका मधमाशीचा मध ती चाखत होती. मुलांना ठाऊक असलेली ही माशी मास्तरांना ठाऊक नव्हती. फाब्र रागावला नाही. मुलांबरोबर तोही बसला. त्या माशीचे नाव शोधण्यासाठी त्याने कीटकांवरचा एक ग्रंथ विकत घेतला. त्याची किंमत त्याच्या महिन्याच्या पगाराएवढी होती.

पुढे आव्हिन्यों इथे शिकवत असताना त्याने लेओं द्युफूर या नामांकित कीटकतज्ज्ञाचा एक लेख वाचला. जमिनीत बिळे करणारी सेरसेरिस ही गांधीलमाशी चकचकीत भुंगेरे पकडून बिळात साठवते. ते हलत नाहीत, पण कित्येक दिवस कुजतही नाहीत. द्युफूरचा तर्क असा की माशी त्यांना मारते आणि मुरंबा टिकावा तसे काही रसायन टोचून टिकवते.

फाब्रने याच गटातल्या दुसऱ्या माशीची बिळे खणली. तिच्या साठ्यात सोंडकिडे होते. त्याने ते बारकाईने तपासले. त्यांचे सांधे लवचीक होते, आतडी काम करीत होती, विजेचा प्रवाह दिला की पाय हलत. म्हणजे ते मेलेले नव्हते, लुळे पडलेले होते. माशीची नांगी पायांच्या सांध्याजवळ, जिथे मज्जातंतूंच्या गाठी एकवटलेल्या असतात तिथे टोचली जाते, हे त्याने पाहिले. मग त्याने स्वतः टाकाच्या टोकाने त्याच जागी अमोनियाचा थेंब टोचला, तर किडा तसाच लुळा पडला. 1855 मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. अन्न ताजे राहते कारण ते जिवंत असते. आणि अळीला धोका नसतो, कारण ते हलू शकत नाही.

कुंभारणीच्या घराचे रहस्यही फाब्रने पुढे उलगडले. गाडग्याच्या बाजूला बारीक खिडकी कापून त्याने आत पाहिले. आतल्या अळ्या पूर्ण लुळ्या नव्हत्या, वळवळत होत्या. मग कुंभारणीचे नाजूक अंडे चिरडत कसे नाही? अंडे खाली ठेवलेलेच नव्हते. ते छताला एका तंतूने टांगलेले होते. अंड्यातून निघालेली अळी प्रथम तिथूनच लोंबकळत खाली तोंड घालून खाते, आणि खालची हालचाल वाढली की वर सरकते. दोन हजार वर्षे ज्या बंद खोलीत लोक रूपांतराची कल्पना करीत होते, तिथे हा टांगलेला पाळणा होता.

फाब्रला या कामाचे सुख फार मिळाले नाही. तरुण मुलींना फुलांतल्या परागीकरणाची माहिती दिली म्हणून आव्हिन्योंमध्ये त्याच्याविरुद्ध काहूर उठले आणि त्याला ते गाव सोडावे लागले. 1879 मध्ये सेरिन्यां इथे त्याने दगडधोंड्यांची एक पडीक जमीन घेतली. पिकाच्या दृष्टीने कवडीमोल, पण गांधीलमाश्यांच्या दृष्टीने राजवाडा. तिथे बसून 1879 ते 1907 या काळात त्याने कीटकांवरील आठवणींचे दहा खंड पुरे केले.

मास्तरांची चूक मास्तरांनीच दाखवली

फाब्रच्या मते माशीची कृती सदैव अचूक असते, तीत बदल होत नाही. म्हणून उत्क्रांतीचा विचार त्याला पटला नाही. त्याचे हे मत तपासले गेले तेही एका शिक्षकाच्या घरात. जॉर्ज पेकम अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शाळेत जीवशास्त्र शिकवत असे. तो आणि त्याची पत्नी एलिझाबेथ यांनी उन्हाळ्याच्या उन्हाळे एकट्या राहणाऱ्या गांधीलमाश्यांच्या मागे घालवले. 1898 मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले.

त्यांना दिसले ते असे. एकाच जातीच्या दोन माश्या सारख्याच ठिकाणी, सारख्याच वेळा नांगी मारतात असे नाही. काही शिकारी लुळ्या पडतात, काही मरतात, काही थोड्या सावरतातही. मेलेली शिकार खाऊनही अळी वाढते. बीळ बुजवताना एका माशीने जबड्यात खडा धरून त्याने माती ठोकून बसवली. इतरांनी तसे केले नाही. म्हणजे एका जातीच्या माश्यांतही व्यक्तिव्यक्तीत फरक असतो. आणि जिथे फरक आहेत तिथेच नैसर्गिक निवडीला वाव असतो. फाब्रची निरीक्षणे टिकली, पण अचूकतेचा सिद्धान्त डळमळला.

माशी घर कसे ओळखते, या प्रश्नावर 1929 पासून हॉलंडच्या हुल्सहोर्स्ट इथल्या वाळूत निको टिंबर्गन बसला. मधमाश्या पकडणारी फिलँथस ही तिथली गांधीलमाशी. ती बिळात असताना टिंबर्गनने तोंडाभोवती पाइनच्या सुकलेल्या फळांचे कडे मांडले. बाहेर पडताना तिने वरून घिरट्या घातल्या. ती शिकारीला गेल्यावर त्याने ते कडे हातभर बाजूला सरकवले. परत आलेली माशी बिळाजवळ न उतरता रिकाम्या कड्याच्या मध्यभागी उतरली. ती खुणा पाहून, लक्षात ठेवून घरी येते, हे सिद्ध करायला सुकलेली फळे पुरली. 1932 च्या त्याच्या प्रबंधाची पाने होती अवघी बत्तीस. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास पुढे ज्यांच्यामुळे शास्त्र म्हणून उभा राहिला, त्यांत तो होता, आणि 1973 च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता.

भारतातही असे बसणारे झाले. साताऱ्यात 1851 मध्ये जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा 1883 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. घरात बिनबोलावता येणाऱ्या प्राण्यांवर त्याने त्याच वर्षी पुस्तक काढले, त्यात माश्या आणि गांधीलमाश्यांना एक प्रकरण दिले. आणि अगदी अलीकडचे उदाहरण म्हणजे बंगळूरचे राघवेंद्र गदगकर. रोपॅलिडिया मार्जिनाटा ही दक्षिण भारतात सर्वत्र आढळणारी गांधीलमाशी. ती मातीचे नव्हे, लाकडाचे तंतू चावून केलेल्या कागदाचे पोळे बांधते आणि समूहाने राहते. प्रत्येक माशीवर रंगाचे ठिपके देऊन गदगकर आणि त्यांचे विद्यार्थी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून तिचा अभ्यास करीत आले आहेत.

या माशीची राणी दांडगाई करीत नाही; ती पोळ्यातली सर्वांत शांत माशी असू शकते. राणी काढून घेतली की काही मिनिटांतच एक कामकरी माशी एकाएकी आक्रमक होते आणि थोड्या दिवसांत राणी बनते. बाकीच्या तिच्याशी भांडत नाहीत. वारस कोण हे राणी असेपर्यंत संशोधकांना ओळखता येत नाही. पण माश्यांना ते ठाऊक असते, असे 2008 च्या प्रयोगांनी दाखवून दिले. हे सगळे कोणत्याही छपराखाली लटकणाऱ्या पोळ्यावर घडत असते.

प्रेम कशासाठी?

जिवंत अळीला पोखरून खाणाऱ्या पिल्लाचा विचार मनाला टोचतो. चार्ल्स डार्विनलाही तो टोचला होता. 1860 मध्ये अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे याला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले की दयाळू ईश्वराने असे परजीवी जाणूनबुजून घडवले असतील हे आपल्याला पटत नाही. विद्यार्थी हा प्रश्न विचारतील; तो टाळू नये. माशी क्रूर नसते आणि दयाळूही नसते. आपल्या नीतीची मापे तिला लावणे म्हणजे पुन्हा एकदा बंद घरात आपल्याच मनातले वाचणे आहे.

‘पण तिचा उपयोग काय?’ हाही प्रश्न येतो. त्याला भरपूर उत्तरे आहेत. आपल्या ऊस उत्पादकांना ट्रायकोकार्ड माहीत असते. त्या कार्डावर ट्रायकोग्रामा या टाचणीच्या टोकाएवढ्या गांधीलमाशीने ग्रासलेली पतंगांची अंडी चिकटवलेली असतात. त्यांतून निघालेल्या माश्या खोडकिडीच्या अंड्यांत आपली अंडी घालतात. 2008 मध्ये कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण प्रथम आढळला आणि झपाट्याने पसरून महाराष्ट्रातही पोचला. 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेल्या ॲसेरोफॅगस पपायी या बारीक माशीने त्याला आवर घातला. वड, पिंपळ आणि उंबर यांचे परागीकरण त्यांच्या ठरलेल्या गांधीलमाश्याच करतात. उंबराचे फूल दिसत नाही असे आपण म्हणतो. ते फळाच्या आतच असते आणि तिथे फक्त ती माशी पोचते.

तरीही तिच्या वाट्याला प्रेम येत नाही. 2018 मध्ये ब्रिटिश संशोधक सिरियन समनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे साडेसातशे लोकांना मधमाशी आणि गांधीलमाशी यांविषयी सुचणारे शब्द विचारले. मधमाशीला मध आणि फुले मिळाली. गांधीलमाशीला मिळाली नांगी. शास्त्रज्ञही फार वेगळे नाहीत. त्यांनी तपासलेल्या 1980 नंतरच्या 908 शोधनिबंधांपैकी गांधीलमाश्यांवर होते अवघे 22. जे आवडत नाही ते आपण पाहत नाही. आणि पाहत नाही म्हणून ते आवडत नाही. हे चक्र आहे.

आम्हाला वाटते, उपयोगाची यादी पाठ करून ते तुटणार नाही. उपयोग नसलेल्या प्राण्याला मग काय सांगायचे? ताओ, फाब्र, पेकम दांपत्य, टिंबर्गन आणि गदगकर यांच्यात एकच गोष्ट समान आहे: ते माशीपाशी बसले. आपुलकी त्या बसण्यातून आली.

वर्गात काय करता येईल?

कुंभारीण एकटी राहते. तिच्या घराचे रक्षण करायला सैन्य नसते आणि तिला हातात धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही. कागदी पोळ्यांचे तसे नाही: ती दुरूनच पाहावीत. मधमाश्यांच्या आग्यामोहोळाजवळ तर जाऊच नये.

ताज्या घराची तारीख टिपून ठेवा. माशी दिवसातून किती खेपा करते, काय आणते, तोंड केव्हा लिंपते, हे मुलांनी पाळीपाळीने लिहावे. भोक पडल्याची तारीख मिळाली की आतल्या वाढीला लागलेले दिवस कळतील. भोक पडलेले रिकामे घर मात्र जरूर उघडा. आत कोशाची पातळ साल सापडेल. कदाचित कोळ्यांचे पाय मिळतील, कदाचित अळ्यांची कातडी. त्यावरून ही कुंभारीण कोणती शिकार करणारी होती हे मुले स्वतःच सांगू शकतील. कधी एखाद्या घरातून कुंभारणीऐवजी हिरवी-निळी, चकचकीत माशी बाहेर येते. ती कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरात अंडी घालणारी. खुडार्टला पडलेले कोडे तुमच्या वर्गालाही पडेल, आणि ते सोडवायला या वेळी कित्येक दशके लागणार नाहीत.

मुलांना आधी उत्तर सांगू नका. आधी त्यांना कीटक-भृंगीची गोष्ट सांगा, मग चीनची, आणि विचारा: आत काय घडले असेल? प्रत्येकाने आपला तर्क वहीत लिहावा. मग वाट पाहावी. तोवर साफसफाई करणाऱ्या मामांना एवढेच सांगून ठेवावे, की खिडकीतल्या त्या मातीच्या गोळ्याला महिनाभर झाडू लावू नका.